एक व्हेंटिलेटर, दोन बाळे

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील वगळून):

पत्रलेखिका एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर आहेत. एका रात्री नवजात अतिदक्षता कक्षात एकेका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेवर) दोन-दोन बाळे होती, ड्युटीवर एकच सिस्टर होत्या आणि एकच व्हेंटिलेटर मोकळा होता. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन बाळे आली. एक ३२ आठवड्यांचे, १४०० ग्रॅम वजनाचे, त्याच रुग्णालयात जन्मलेले. दुसरे २७ आठवड्यांचे, ८५० ग्रॅमचे. दोन ठिकाणांहून पुढे पाठवलेले आणि पोहोचेपर्यंत अंग गार पडलेले. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकले होते. फोनवर ‘तुला योग्य वाटेल ते कर’ एवढेच म्हणाले. पत्रलेखिकेने व्हेंटिलेटर पहिल्या बाळाला दिला. दुसऱ्या बाळासाठी त्याचे वडील पहाटेपर्यंत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत राहिले. ते बाळ वाचले नाही. सकाळी जमाव जमला, धक्काबुक्की झाली, वृत्तवाहिनीचे कॅमेरे आले आणि दोन दिवसांनी पत्रलेखिकेच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. एका वरिष्ठाने केसपेपरवर आधीची वेळ घालून, नातेवाइकांना गंभीर अवस्थेची कल्पना दिली होती, अशी एक ओळ वाढवण्याचे सुचवले आहे. पत्रलेखिकेचे वडील म्हणतात, शिक्षणाची जागा सोड, शेताचा तुकडा विकून दंड भरू. त्या विचारतात: ‘त्या बाळाचा जीव मी घेतला का? मी ही जागा सोडावी का? बाळाचे आईवडील कागदपत्रांसाठी येणार आहेत, त्यांना भेटावे का? रात्री झोप लागत नाही, आणि कधी कधी सकाळ होऊच नये असे वाटते.’

प्रिय डॉक्टर,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सारे प्रश्न त्याच्यानंतरचे आहेत. पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला याविषयी स्पष्ट विचारले होते आणि तुम्ही तितकेच स्पष्ट उत्तर दिलेत, याचे मला समाधान आहे. तेव्हा लिहिलेले इथे पुन्हा लिहिते, कारण अशा रात्री काढणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. सकाळ नको असे वाटणे हे जेव्हा जीव संपवण्याच्या विचारापर्यंत जाते, तेव्हा तो विचार त्याच दिवशी कोणा एका माणसाला पूर्ण वाक्यात सांगावा; आडून, हसण्यावारी नेत सांगू नये. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेल्यास चर्चा होईल अशी भीती वाटत असेल, तर दुसऱ्या गावातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, पण जा. मनाची ही अवस्था आहे तोवर रात्रपाळी एकटीने घ्यायची नाही, असे युनिट हेडना लेखी कळवा. ही सवलत मागणे नव्हे. ज्या डॉक्टरची झोप उडाली आहे तिला एकटीला अतिदक्षता कक्षात ठेवणे बाळांसाठीही सुरक्षित नाही, एवढेच त्या पत्रात लिहिले तरी पुरे आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो तुम्ही ज्या शब्दांत विचारला आहे त्या शब्दांतच एक गृहीतक दडलेले आहे. ते बाळ त्या रात्री, तुमच्या दारात आल्यावर, तुमच्या निर्णयापासून मरणाच्या वाटेला लागले असे तुम्ही धरून चालला आहात. तसे झालेले नाही, आणि तुम्ही बालरोगशास्त्र शिकत असल्यामुळे हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे; फक्त त्या ज्ञानाचा उपयोग तुम्ही स्वतःच्या बाबतीत करत नाही. २७ आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट (फुप्फुस उघडे ठेवणारा द्रव) पुरेसे नसते, म्हणून प्रत्येक श्वासाला फुप्फुस मिटत जाते. मुदतपूर्व कळा सुरू झाल्या की आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने द्यायची असतात, ती बाळाच्या फुप्फुसासाठीच. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याचा पहिला डोस उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे तिथली परिचारिकासुद्धा आईला पुढे पाठवण्यापूर्वी देऊ शकते. या आईला तो मिळाला होता का? तुमच्या पत्रावरून तरी मिळालेला दिसत नाही. बाळ पोटात असताना आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवणे हा बाळाला हलवण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. तसेही झाले नाही. जन्मानंतर दोन ठिकाणी ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगितले गेले, आणि इतक्या कमी वजनाचे बाळ वाटेत गार पडू देणे म्हणजे त्याची उरलीसुरली ताकद काढून घेणे असते. मग ते अशा कक्षात आले, जिथे एका सिस्टरच्या वाट्याला झेपणार नाहीत इतकी बाळे होती आणि एका वॉर्मरवर दोन बाळे ठेवल्यामुळे एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होण्याची भीती आधीपासूनच होती. या साखळीतल्या प्रत्येक कडीला कुठे ना कुठे कोणीतरी जबाबदार होते. तुम्ही तिच्या अगदी शेवटी उभ्या होतात, म्हणून ती सगळी तुमच्याच हातात आल्यासारखी वाटते.

तरीही मी तुम्हाला असे सांगणार नाही की निर्णय तुम्ही घेतलाच नाही. असे सांगून तुमचे समाधान होणार नाही, आणि ते खरेही नाही. तुम्ही निवड केलीत. प्रश्न असा आहे की ती कशाच्या आधारावर केलीत. ज्याच्या नातेवाइकांचा आवाज मोठा, त्याला व्हेंटिलेटर दिलात का? ओळखीचा फोन आला म्हणून दिलात का? तुमच्या पत्रात स्पष्ट आहे की जगण्याची शक्यता कोणाची जास्त, हे पाहून तुम्ही ठरवलेत. साधने अपुरी असताना हा वैद्यकशास्त्राने आणि नीतिशास्त्राने मान्य केलेला निकष आहे. त्याविषयी मतभेद होऊ शकतात, आणि व्हायलाही हवेत, पण तो मनमानीचा निकष नाही. चुकीचे काही घडले असेल तर ते हे, की हा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, जागरणाने थकलेल्या अवस्थेत, एकटीने घ्यावा अशी वेळ आणली गेली. कोविडच्या काळात अनेक देशांतल्या मार्गदर्शक सूचनांनी आग्रह धरला होता की व्हेंटिलेटर कोणाला द्यायचा हे खाटेपाशी उपचार करणाऱ्या डॉक्टरवर एकट्यावर सोपवू नये. त्यासाठी वरिष्ठांचा वेगळा गट असावा. आपल्या नवजात कक्षांत मात्र ही टंचाई महामारी नसतानाही असते, आणि तिचा निवाडा रात्री दोन वाजता सर्वांत कनिष्ठ डॉक्टरने करायचा, हे सर्वांनी गुपचूप मान्य केलेले आहे. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य ऐकायला विश्वासाचे वाटते, पण त्या रात्री त्याने सगळा भार तुमच्या एकटीच्या खांद्यावर ठेवला.

तुमचे दुसरे गृहीतक असे की जमाव, कॅमेरे आणि नोटीस म्हणजे निकाल. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांपैकी १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि औषधखरेदी, रिक्त पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, बाहेरून शेवटच्या घटकेला येणारी बाळे असे जे प्रश्न वर्षानुवर्षे वॉर्डात कुजबुजले जात होते, ते न्यायालयात मांडले गेले. पण त्याच आठवड्यात महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले ते एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतल्याचे दृश्य. त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, ठाण्याजवळच्या कळव्यातील पालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. अशा प्रत्येक वेळी समोर सापडेल त्या माणसाचा अपमान करून संताप मोकळा होतो, आणि खरेदीचा रखडलेला कागद जिथे होता तिथेच राहतो. तुमच्या वॉर्डात त्या सकाळी आलेल्या लोकांचे दुःख खरे होते, त्यांचा रागही समजण्यासारखा होता. पण तुम्ही दोषी आहात की नाही हे ठरवण्याचे ते ठिकाण नव्हते. अंगावर हात टाकणे तर कोणत्याही दुःखाने समर्थनीय ठरत नाही. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तक्रार तुम्ही एकटीने करायची नसते. ती संस्थेने करायची, आणि तसा आग्रह तुम्ही मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधींमार्फत धरा.

निर्णय योग्य होता की नव्हता, हे पाहण्याची रीत वेगळी आहे. बालमृत्यूंच्या आढाव्यासाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये कार्यपद्धती आखून दिली आहे. तिचा हेतू कोणाला शिक्षा करणे हा नसून, मृत्यू कोणत्या टप्प्यावर टाळता आला असता हे शोधणे हा आहे: घरी, वाटेत, की रुग्णालयात. तुमच्या विभागात या बाळाचा असा आढावा झाला का, ते विचारा. झाला नसेल तर तो व्हावा अशी लेखी विनंती करा. आढाव्यात कदाचित निघेल की तुमच्याकडूनही एखादी गोष्ट वेगळी होऊ शकली असती, जसे की बाळ आल्याबरोबर त्याला ऊब देणे, किंवा बबल सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे साधे उपकरण) लावून पाहणे. ते ऐकण्याची तयारी ठेवा. ‘मी बाळाला मारले’ हे वाक्य तुम्हाला काहीच शिकवत नाही. ‘पहिल्या दहा मिनिटांत हे करता आले असते’ या वाक्याचा उपयोग पुढच्या बाळाला होतो.

आता ज्या गोष्टीत मी अजिबात मवाळ राहणार नाही, ती. केसपेपरवर मागची वेळ घालून ओळ वाढवू नका. नातेवाइकांना गंभीर अवस्थेची कल्पना दिली होती, हे खरे असले तरी नाही. तुमच्यावर माया असलेल्या वरिष्ठाने सांगितले तरी नाही. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी मिळण्याचा हक्क वैद्यकीय आचारसंहितेने दिला आहे. त्यांच्या हाती आधीच एखादी छायाप्रत असेल, तर ती एक ओळ तुमच्या सगळ्या खऱ्या बोलण्यावर पाणी फिरवेल. पण पकडले जाण्याची भीती हे दुय्यम कारण झाले. त्या रात्री तुमच्याकडे नोंदी करायला वेळ नव्हता, ही गोष्टच त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. रिकामी जागा भरून काढली की कक्षात मनुष्यबळ पुरेसे होते असेच कागदावर सिद्ध होईल. काही राहून गेले असेल तर आजची तारीख आणि आजची वेळ घालून, ‘उशिराने केलेली नोंद’ असे स्पष्ट लिहून, युनिट हेडच्या माहितीने ते लिहा.

नोटिशीला घाबरून तोंडी स्पष्टीकरणे देत फिरू नका. मुदतीत, लेखी, शांत भाषेत उत्तर द्या आणि पोच घ्या. त्या रात्री कक्षात किती बाळे होती, किती वॉर्मर आणि व्हेंटिलेटर चालू होते, किती सिस्टर होत्या, तुमची ड्युटी कधी सुरू झाली होती, वरिष्ठांना फोन किती वाजता केला आणि काय सूचना मिळाली, हे सारे क्रमाने लिहा. विशेषणे टाळा, कोणावर आरोप करू नका, आणि कोणाला वाचवण्यासाठी काही गाळूही नका. ड्युटीच्या तासांबाबत संकोच नको: निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या निर्देशांत १९९२ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत वाजवी कामाचे तास, रोजची विश्रांती, कामाच्या निकडीच्या अधीन राहून साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजा नमूद आहे. हे पाळले जात नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण ते सहसा कोणी कागदावर आणत नाही. पोलीस तक्रारीची धास्ती असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू खटल्यातील २००५ चा निकाल वकिलाकडून समजून घ्या. डॉक्टरवर फौजदारी जबाबदारी टाकण्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतल्या तटस्थ डॉक्टरचे मत आधी घ्यावे, असे त्यात सांगितले आहे.

जागा सोडण्याविषयी. तुमच्या पत्रात ‘पळून जाणे’ हा शब्द तीनदा आला आहे, आणि तुमच्या वडिलांच्या बोलण्यात ‘सुटका’ हा शब्द आहे, असे तुम्ही लिहिता. दोन्ही शब्द घाईचे आहेत. बालरोगशास्त्र सोडणे, सरकारी रुग्णालय सोडणे आणि या महिन्यात या कक्षापासून दूर होणे, हे तीन निराळे निर्णय आहेत. तुम्हाला आज हवा आहे तो कदाचित फक्त तिसरा असेल. तेव्हा आधी रजा घ्या, परतल्यावर काही आठवडे ओपीडी किंवा जनरल वॉर्डातली नेमणूक मागा, उपचार सुरू असतील तर त्यांना वेळ द्या, आणि झोप परत आल्यावरच मोठ्या निर्णयाचा विचार करा. वडिलांना म्हणावे, शेताच्या सौद्याचे तोवर कोणाशी बोलू नका. मधल्या काळात तुमच्या प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका काढून जागा सोडण्याचे नियम आणि रक्कम स्वतः वाचा, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. शिक्षण पूर्ण केल्यास राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, आणि ती न केल्यास पदव्युत्तर डॉक्टरांसाठी दंड ५० लाखांचा आहे; तोही हिशेबात धरा.

पण एवढे सगळे करूनही, शांत मनाने, तुम्हाला असे वाटले की हे काम आपल्याकडून होणार नाही, तर सोडा. त्यात लाजेचे काही नाही. वैद्यकीय पेशा हे व्रत आहे, डॉक्टर म्हणजे देव, ही स्तुती मी सरकारी सेवेच्या माझ्या सर्व वर्षांत ऐकली, आणि ती नेमकी तिथेच सर्वांत मोठ्याने होते जिथे पदे रिकामी असतात. व्रत घेतलेल्या माणसाला झोपेची गरज नसते, मदतीला दुसरी सिस्टर लागत नाही, असे एकदा मानले की पदे भरण्याची निकडच उरत नाही. तुम्ही राहिलात तर या समजुतीपायी राहू नका. बाळे आवडतात, हे शास्त्र आवडते, आणि तुमच्याच पत्रानुसार ते ३२ आठवड्यांचे बाळ आता स्वतःच्या श्वासावर आहे व आईचे दूध घेऊ लागले आहे, अशी कारणे असतील तर राहा.

तुमच्यासारखी पत्रे मला आणखीही येतात, म्हणून विभागप्रमुखांनाही दोन गोष्टी सांगते. व्हेंटिलेटर कमी पडला तर काय करायचे, याचा एक पानी लेखी नियम आजच्या आज करता येतो. त्याला अनुदान लागत नाही. निर्णय दोघांनी घ्यावा, त्यांतला एक अध्यापक असावा, तो प्रत्यक्ष येऊ शकत नसेल तर त्याचे नाव आणि फोनची वेळ केसपेपरवर लिहावी, इतके त्यात असले तरी कनिष्ठ डॉक्टर एकटी पडणार नाही. आणि बाळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरला नोटीस देण्याआधी आपल्या खोलीत बोलावून बसवावे, तिने जेवण केले का विचारावे.

राहता राहिला आईवडिलांच्या भेटीचा प्रश्न. सहकारी म्हणतात, भेटू नकोस, अंगाशी येईल. माझे मत उलट आहे, पण एकटीने आणि वॉर्डाच्या दारात नको. युनिट हेड आणि त्या रात्रीच्या सिस्टर यांच्यासह, बसायला खुर्च्या असतील अशा खोलीत भेटा. भेटीचे युनिट हेडना आधीच लेखी कळवा. काय घडले ते साध्या मराठीत सांगा, व्हेंटिलेटर एकच होता हेही सांगा. ते त्यांना ठाऊक आहेच, तुम्ही टाळलेत तर विश्वास जाईल. ‘देवाची मर्जी’ म्हणू नका आणि ‘तुम्ही उशिरा आणलेत’ तर मुळीच म्हणू नका. जास्त वेळ ऐका. ते चिडले तर उत्तर देऊ नका.

त्यांच्या उपयोगाच्या काही गोष्टी मात्र जरूर सांगा. बाळ काही तासांचेच असले तरी जन्म आणि मृत्यू या दोन्ही नोंदी लागतात. २१ दिवसांच्या आत विलंबशुल्क पडत नाही, आणि मुदत उलटली असली तरी नोंद करून घेता येते. आईला दूध येऊन छाती दुखत असेल, तर त्याविषयी कोणी विचारलेही नसेल. तिला स्त्रीरोग विभागात स्वतः घेऊन जा. पुढच्या गरोदरपणात लवकर नाव नोंदवायचे आणि वेळेआधी कळा आल्या तर थेट मोठ्या रुग्णालयात यायचे, हे लिहून द्या. आणि वडिलांना वेगळे सांगा की रात्रभर त्यांनी अंबू बॅग बरोबर दाबली, त्यांचा हात थकला म्हणून बाळ गेले नाही. तो माणूस घरी हाच प्रश्न स्वतःला विचारत असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्याचे उत्तर त्याला पटेल असे देऊ शकणाऱ्या, त्या रात्री तिथे असलेल्या डॉक्टर तुम्हीच आहात.